कचऱ्याची वीज कुणाच्या भाकरीवर पेटणार?

आमच्या पिशोरचा (ता. कन्नड) आठवडी बाजार उठला की मागे काय उरतं, ते एकदा नीट पाहा. कोबीचा पाला, सडके टोमॅटो, आल्याची माती आणि त्यात लडबडलेल्या कॅरीबॅगा. या ढिगाला काडी लावा. धूर निघेल, जाळ धरणार नाही. ‘कचऱ्यापासून वीज’ म्हटलं की टाळ्या वाजवणाऱ्यांनी आधी हा प्रयोग करावा.

दिल्लीत तो सरकारी खर्चाने झालेला आहे. १९८७ साली तिमारपूरला डेन्मार्कच्या मदतीने प्रकल्प उभा राहिला. रोज ३०० टन कचरा जाळून पावणेचार मेगावॉट वीज मिळणार होती. पण जळण्याजोगा ऐवजच कमी निघाला आणि प्रकल्प काही दिवसांतच बंद पडला. आपल्या शहरांचा निम्म्याच्या आसपास कचरा ओला असतो. त्यातलं पाणी आटवण्यातच उष्णता संपते.

मग भट्टी कशावर चालते? प्लास्टिक, पुठ्ठा, कागद यांवर. २०१६ च्या घनकचरा नियमांत सांगितलं होतं की पुनर्वापर न होणारा आणि किलोमागे १५०० किलोकॅलरी किंवा जास्त उष्मांक असलेला कचराच ऊर्जेसाठी वापरावा. पण ठेकेदाराला टनांचा हिशेब भरायचा असतो. पुनर्वापराचा पुठ्ठा तो बाजूला काढून ठेवेल? तो पुठ्ठा आज पहाटे पाठीवर पोतं घेऊन कोण वेचतं? बहुतेक दलित आणि भटक्या-विमुक्त समाजातल्या बायाच ना! भट्टीचं इंधन आणि त्यांची भाकर एकच आहे.

आपल्या जिल्ह्याने २०१८ मध्ये काय पाहिलं ते आठवा. वर्षानुवर्षे शहराचा कचरा सोसणाऱ्या नारेगाव परिसरातल्या गावकऱ्यांनी फेब्रुवारीत गाड्या अडवल्या. शहराच्या रस्त्यांवर ढीग साचले. मार्चमध्ये मिटमिट्यात दगडफेक आणि लाठीमार झाला. कचरा कुणालाच आपल्या वेशीत नको होता. ज्या जातींच्या माथी तो पिढ्यानपिढ्या मारला, त्यांचं मत मात्र कुणी विचारलं नाही.

काही मित्र विचारतात, ‘मग आपल्या बायांनी जन्मभर उकिरडाच उपसायचा का? बाबासाहेबांनी तर घाणीची कामं सोडायला सांगितली होती.’ प्रश्न रास्त आहे. आपल्या लेकी उकिरड्यावर जाऊ नयेत, हेच आपलं ध्येय आहे. पण शिक्षण आणि दुसरं काम हातात घेऊन बाहेर पडणं ही मुक्ती. यंत्र आणून रिकाम्या हाताने हाकलणं ही बेदखली. दोन्हींना एकच नाव देऊ नका.

बाबासाहेब विजेच्या विरोधात नव्हते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना वीजधोरण त्यांच्याकडेच होतं. वीज मुबलक आणि स्वस्त हवी, कारण औद्योगिकीकरणाशिवाय गरिबी हटणार नाही, ही त्यांची मांडणी. या कसोटीवर कचऱ्याची वीज पाहा. २०१५-१६ साठी केंद्रीय वीज नियामक आयोगाने तिचा दर युनिटला सात रुपयांच्या वर ठरवला होता. ती ना मुबलक, ना स्वस्त.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. ओला कचरा जाळू नका, त्याचा गॅस आणि खत करा. शहरात कांचनवाडीला असा प्रकल्प उभा राहिलाच आहे, मोठ्या ग्रामपंचायतींनाही तो लहान प्रमाणात जमेल. सुक्या कचऱ्यावर पहिला हक्क वेचकांचा हवा. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने हा हक्क संघटनेच्या बळावर मिळवून दाखवला. आणि ठेकेदाराला ठराविक टन कचरा देण्याची हमी कुठल्याच करारात नको.

पुढच्या ग्रामसभेत कचऱ्याचा विषय निघाला, तर यंत्राची किंमत नंतर विचारा. ‘वेचणाऱ्या बाईचं काय?’ हा प्रश्न आधी विचारा.

जय भीम!