पंगतीआधीचे काम

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम येथे विवेकानंद जयंतीच्या उत्सवात मोकळ्या शेतात लाखोंची पंगत बसते. पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून ओळींपर्यंत येते, स्वयंसेवक वाढतात, सगळे एकत्र जेवतात. शुकदास महाराजांनी स्थापन केलेल्या विवेकानंद आश्रमाचा हा महाप्रसाद घेताना शेजारच्या पानावर कोण बसला आहे, हे कोणी विचारत नाही. नाना जातीधर्मांच्या समाजात एकोपा कसा टिकतो, या वादाचा विचार या शेतापासून सुरू करता येतो.

या वादातला पहिला पक्ष म्हणतो की विविधता वाढली की एकोपा विरतो, म्हणून सर्वांनी एकाच वळणाचे व्हावे. जर्मनीच्या तत्कालीन चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी ऑक्टोबर 2010 मध्ये बहुसांस्कृतिकतेचा प्रयोग पार फसल्याचे म्हटले, त्याचा आधार हा पक्ष घेतो. पण फसले ते काय? 1961 च्या करारानुसार जर्मनीने तुर्की मजूर आणले ते परत जातील या हिशेबाने. तिथेच जन्मलेल्या त्यांच्या मुलांना जन्माच्या आधारे नागरिकत्व मिळण्याची सोय 2000 साली झाली. चार दशके ज्यांना पाहुणे मानले, ते घरचे झाले नाहीत, हा दोष त्यांच्या भाषेचा किंवा धर्माचा नव्हे. ब्रिटनमध्ये 2001 साली ओल्डहॅम, बर्नली आणि ब्रॅडफर्ड येथे दंगली झाल्या. त्यानंतरच्या कँटल अहवालाने बोट ठेवले ते शाळा, वस्त्या आणि कामाच्या जागा वेगळ्या पडून समांतर चाललेल्या आयुष्यांवर. वेगळेपणाने घात केला नाही, तुटलेपणाने केला.

एकसारखेपणाची अट खोटी आहे, याचा पुरावा बुलढाणा जिल्ह्यातच आहे. पिंपळगाव सराईच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास यात्रा भरते, नारळांची होळी पेटते आणि पुढे संदल निघतो. हिंदू आणि मुसलमान दोघेही येतात, आणि कोणीही आपला धर्म सोडून परतत नाही. शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत 27 सप्टेंबर 1893 रोजी समारोपाच्या भाषणात विवेकानंदांनीही हेच मांडले होते: ख्रिस्त्याने हिंदू होण्याची गरज नाही आणि हिंदूने ख्रिस्ती होण्याची नाही, प्रत्येकाने दुसऱ्याचे सत्त्व पचवावे आणि आपल्या नियमाने वाढावे.

दुसरा पक्ष या पंगतीचाच अभिमानी आहे. एकत्र जेवले की भेद मिटला, असे तो मानतो. त्याचे खंडन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्येच केले. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि होऊ न शकलेल्या भाषणात त्यांनी दाखवले की सहभोजनाने जात मोडत नाही. त्यासाठी रोटीच्या पुढे बेटीव्यवहारापर्यंत जावे लागते. हा आक्षेप मान्य करणे भाग आहे. वर्षातून एकदा एका ओळीत बसलेला माणूस पानावरून उठला की आपापल्या आळीत परततो.

मग एकोपा टिकतो कशाने? भिवंडीचे उदाहरण येथे मोलाचे आहे. 1970 आणि 1984 च्या भीषण दंगलींनंतर, 1988 पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही धर्मांचे सामान्य रहिवासी पोलिसांसह नियमित बसू लागले. विषय साधे असत: भांडण, अफवा, मिरवणुकीचा मार्ग. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईत सुमारे 900 माणसे मारली गेली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. अफवा आली की ती खरी की खोटी हे विचारायला दुसऱ्या बाजूचा ओळखीचा माणूस होता. अशी ओळख दंगलीच्या रात्री जोडता येत नाही, ती आधी वर्षानुवर्षे जोडावी लागते.

हिवऱ्याच्या पंगतीचे खरे बळही जेवणात नाही, जेवणाआधीच्या कामात आहे. कणीक मळणारे, पुऱ्या तळणारे, वांगी चिरणारे आणि ट्रॅक्टर चालवणारे हात एकमेकांवर विसंबलेले असतात. हे विसंबणे वर्षभर चालले तर डॉ. आंबेडकरांच्या आक्षेपाला उत्तर देण्याची वाट उघडते. एका दिवसावर थांबले तर आक्षेप तसाच उभा राहतो. गावाला त्यासाठी नवी संस्था काढावी लागणार नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना आणि निम्म्या जागा महिलांना दिल्या आहेत, शिवाय वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणात स्थान ठेवले आहे. त्या जागा केवळ कागदावर भरू नयेत. गावातल्या प्रत्येक वस्तीचा पालक महिन्याच्या बैठकीला खरोखर येऊन बसेल, एवढे प्रत्येक गावाने पाहावे.