सुई टोचायच्या आधी एक चित्र

जुन्या शहरातून मोर्णेचा पूल ओलांडून सर्वोपचारकडे निघालेली आई आणि तिच्या कडेवर रडणारं लेकरू, हे अकोल्याला काही नवं नाही. "मले नाही जायाचं व माय, तथी सुई टोचतेत!" असं ते म्हणतं. आई समजावते, "काही नाही करत रे बापा, निस्ते पाह्यतेत डाक्टर." थोड्या वेळानं सुई टोचली जातेच. पुढच्या खेपेला लेकराचा डॉक्टरवर विश्वास नसतो, आणि आईवरही नसतो.

एखाद्या वेळचा ताप असेल तर हे निभून जातं. पण थॅलेसेमियाच्या लेकराला साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. दर खेपेला सुई. मैत्रिणींनो, अशा घरात भीती कमी करणं हे लाड नव्हेत, उपचाराचंच काम आहे.

यात चित्रं किती कामी येतात ते पाहा. अमेरिकेत जीई कंपनीचे डग डिट्झ एमआरआय मशीन तयार करत. आपलं मशीन बघायला ते दवाखान्यात गेले, तर एक छोटी मुलगी त्यालाच घाबरून रडत होती. पुढे पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयात तपासणीच्या एका खोलीला चाच्यांच्या जहाजाचं रूप दिलं गेलं. मशीन तेच, रंग नवे आणि सोबत एक गोष्ट. पूर्वी गुंगीचं औषध द्यावं लागणारी कितीतरी मुलं मग तशीच शांत पडून राहू लागली.

भाजलेल्या जखमेची पट्टी बदलताना काय हाल होतात, ते ज्यांनी पाहिलं त्यांनाच ठाऊक. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी अशा रुग्णांसाठी 'स्नोवर्ल्ड' नावाचा खेळ काढला. डोळ्यांवर चष्म्यासारखं यंत्र लावायचं, की समोर बर्फच बर्फ! रुग्ण बर्फाचे गोळे फेकण्यात गुंततो आणि दुखणं कमी जाणवतं. (अकोल्याच्या मे महिन्यात तर आपल्यालाही हे यंत्र हवंहवंसं वाटेल!)

एवढं महागडं यंत्र आपल्या वॉर्डात कुठून येणार? नको येऊ द्या. वोंग आणि बेकर या दोघींनी १९८०च्या दशकात तयार केलेल्या तक्त्याला तर वीजसुद्धा लागत नाही. ओळीनं सहा चेहरे, पहिला हसरा, शेवटचा रडका. "किती दुखतं?" या प्रश्नाला तीन-चार वर्षांचं पोर काय सांगणार? पण ते नेमक्या चेहऱ्यावर बोट ठेवतं. असे चेहरे तुम्ही वहीच्या पाठकोऱ्या पानावरही काढू शकता. लेकरानं दाखवलेला चेहरा सिस्टरला जरूर सांगा.

मोबाइल तर आता घरोघरी आहे. पण पोराला गप्प करायला तो हाती कोंबणं वेगळं आणि सोबत बसून बघणं वेगळं. रेंजचा भरवसा नसतो, म्हणून त्याच्या आवडीची गोष्ट आदल्या रात्रीच उतरवून ठेवा. कोणती लावायची ते त्यालाच ठरवू द्या. सुई निघताच फोन हिसकावून घेऊ नका. आणि मुख्य म्हणजे खोटं बोलू नका. "थोडं टोचेल, मी हात धरून बसते," एवढं पुरे.

वॉर्डाच्या भिंतींवर मिकी माउस रंगवतात, ते चांगलंच आहे. पण लेकरू तर पाठीवर निजलेलं असतं, त्याला दिसतं ते छत! रंगवायचं तर तिथेही रंगवा. आणि मिकीच कशाला? जुन्या शहरातल्या पोराला कागद द्या, ते राजेश्वराची कावड काढेल, गांधीग्रामहून पाणी आणणाऱ्या शिवभक्तांसकट.

एखाद्या महिला मंडळाला वॉर्डात वह्या-खडू द्यायचे असतील, तर आधी सिस्टरला विचारा. प्रत्येक लेकराला वेगळी नवी पेटी द्या. आजारी मुलांत एकाचे खडू दुसऱ्याच्या हाती गेलेले बरे नाहीत.