मागल्या बाकापर्यंत शब्द पोचावा

प्रवचन चालू असता मागल्या बाकांवरील वृद्ध मंडळी पुष्कळदा केवळ फादरांच्या ओठांकडे पाहत बसतात. कर्ण्याचा आवाज वाढवून हे दुःख दूर होत नाही. उंच छताखाली प्रतिध्वनीही तितकाच वाढतो. यास्तव मायक्रोफोनमधील आवाज थेट त्यांच्या कानी पोचविणे इष्ट होय.

वाय-फायने हे साधते. मिक्सरमधून निघणारी तार ध्वनिप्रसारण करणाऱ्या छोट्या सर्व्हरला जोडावी व तो सर्व्हर केबलने राउटरला जोडावा. श्रोत्याने मोबाइलवर त्याचे अ‍ॅप उघडून इअरफोन लावावा. अ‍ॅप आधीच घेऊन ठेवल्यास ऐकतेवेळी इंटरनेट लागत नाही.

काही पथ्ये मात्र पाळावीत. हे जाळे कार्यालयाच्या जाळ्याहून वेगळे ठेवावे. शक्यतो ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा निवडावा, २.४ वर गर्दी फार असते. माणसांची शरीरे लहरी शोषून घेतात, म्हणून राउटर डोक्यांहून उंच बसवावा आणि त्याची परीक्षा देऊळ भरलेले असताना करावी. आवाज हवेतून सेकंदास सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे १७ मीटरांवर तो सेकंदाच्या विसाव्या हिश्शाने उशिरा पोचतो. यंत्राचा विलंब याच्या आसपास असल्यास खटकत नाही. ब्लूटूथ इअरफोनने विलंब वाढतो, म्हणून तारेचाच वापरावा.

ज्यांच्यापाशी मोबाइल नाही, त्यांच्यासाठी दोन-चार संच देवळातच ठेवावेत. तरुणांनी पहिले काही रविवार आजी-आजोबांच्या शेजारी बसून त्यांना ते लावून द्यावेत.