‘जड उचलू नका’ म्हणजे नेमकं किती जड?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
महाराष्ट्र वैद्यकीय परिषद,
आणि मुंबई-पनवेलकडे कॉस्मेटिक शस्त्रक्रिया करणारे सगळे डॉक्टर



वडखळ नाक्यावर आमची खानावळ आहे. मुंबईहून येताना गोव्याचा रस्ता इथून सरळ जातो आणि अलिबागचा उजवीकडे वळतो. गेल्या दीड वर्षात आमच्या घरात तीन शस्त्रक्रिया झाल्या, आणि तिन्ही अशा की गावात सांगताना आपोआप आवाज खाली येतो. माझी छाती कमी करण्याची, धाकट्या जावेची पोटाची म्हणजे टमी टक, आणि भाच्याची. त्याची छाती मुलींसारखी वाढली होती, त्यापायी पोरगा दहावीपासून खाडीत पोहायला उतरत नव्हता. ‘पैशाला पाय फुटलेत’ असं ज्यांनी म्हणायचं ते म्हणून झालं. खर्च आम्ही पदरचा केला, विमा कंपनीने हात वर केले, जीएसटीही भरला. त्याबद्दल हे पत्र नाही.

हे पत्र घरी सोडताना हातात दिलेल्या कागदाबद्दल आहे. तीन रुग्णालयं, तीन कागद. तिन्ही इंग्रजीत, आणि तिन्हींवर जवळजवळ तीच चार वाक्यं: हलका आहार घ्या, जखम कोरडी ठेवा, जड उचलू नका, दोन आठवड्यांत नेहमीची कामं सुरू करा. शरीरावर काय केलं ते तिघांचं वेगळं, मग बरं होणं एकच कसं?

आणि जड म्हणजे किती? हेटवणे धरण आमच्या पेण तालुक्यात आहे, त्याचं पाणी नवी मुंबईला जातं आणि खारेपाटातली गावं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. भरलेला हंडा पंधरा किलोच्या घरात जातो. पण आमच्याकडे हंड्याला कुणी जड म्हणत नाही. जड म्हणजे भाताचं पोतं. कागद लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुतेक बाजारातली पिशवी असावी.

जावेची गोष्ट सांगते, कारण सगळ्यात जास्त तिनेच भोगलं. जुळ्यांच्या बाळंतपणात तिच्या पोटाचे स्नायू मधोमध फाकले होते. टमी टकमध्ये ते पुन्हा जवळ आणून शिवतात, वरची कातडी मोठ्या भागात सुटी करून खाली ओढतात, उरलेली कापतात. एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत टाके. पहिले आठ-दहा दिवस माणूस कमरेत वाकूनच चालतो, झोपतानाही गुडघ्याखाली उशी लागते. हे आधी कळलं असतं तर सासूबाई रोज ‘सरळ हो, कुबड येईल’ म्हणून तिच्या मागे लागल्या नसत्या. पोटातून दोन नळ्या बाहेर काढून बाटल्यांना जोडल्या होत्या आणि तशा अवस्थेत तिला गाडीने घरी आणली. पनवेल ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा टप्पा रुंद करायला 2011 मध्ये सुरुवात झाली. त्या रस्त्यावरचा एकेक खड्डा तिने दोन्ही हातांनी पोट धरून मोजलाय. (रस्त्याचं पत्र वेगळं लिहावं लागेल, ते खातं तुमचं नाही.)

बाराव्या दिवशी नळ्या काढल्या. चौदाव्या दिवशी ‘दोन आठवडे झाले’ म्हणून ती चुलीपाशी बसली, पंधराव्या दिवशी टँकर आला. चार दिवसांनी तिच्या पोटात पाणी डुचमळायला लागलं. कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये पाणी साठतं, या शस्त्रक्रियेनंतर हे पुष्कळदा होतं, सुईने ओढून काढतात, आणि लवकर जोराची हालचाल केली तर वाढतं, हे सगळं आम्हाला रुग्णालयात पुन्हा गेल्यावर कळलं. तीन खेपा झाल्या. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे काही उचलायचं नव्हतं. मग कागदावर दोन आठवडे का? ते बसून काम करणाऱ्यांसाठी असतं, म्हणाले. माणूस चांगला होता, खोटं बोलला नाही.

माझं अगदी उलट. दहाव्या दिवशी मी गल्ल्यावर बसले. दुखणं वाटलं होतं त्यापेक्षा कमी, आणि ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर पाडलेले चर वर्षानुवर्षं ठणकायचे, ते तर पहिल्याच आठवड्यात निवले. फक्त फळीवरचे डबे काढायला हात वर न्यायचा नाही. पण छातीखाली जिथे उभे टाके आडव्या टाक्यांना मिळतात तो कोपरा तिसऱ्या आठवड्यात उकलला. मी घाबरून रडले, आता सगळं सडणार म्हणून. खरं तर तिथे ताण सगळ्यात जास्त असतो, तो कोपरा उशिराच भरतो, बहुतेक वेळा नुसत्या ड्रेसिंगने. एवढं एक वाक्य कागदावर असतं तर माझ्या पाच रात्री वाचल्या असत्या.

भाचा त्याच संध्याकाळी घरी आला, पाचव्या दिवशी कॉलेजात गेला. घट्ट बनियन महिनाभर, व्यायामशाळा बंद, बस्स. पण त्याच्या शस्त्रक्रियेत भीती असते ती पहिल्या दिवसाची: आत रक्त साठून एक बाजू टणक होऊन फुगली तर रात्रीच परतायचं असतं. आम्ही त्या रात्री लग्नाला गेलो होतो आणि हा घरात एकटा. काही झालं नाही, हे नशीब. म्हणजे तिघांचे धोक्याचे दिवसही वेगळे. एकाचा पहिला, एकीचा दुसरा-तिसरा आठवडा, माझा तिसरा.

लायपोसक्शन आमच्या घरात कुणी केलं नाही, पण नाक्यावर ओळखीच्या दोघींनी केलं. पहिल्या रात्री बारीक छिद्रांतून गुलाबी पाणी वाहून गादी भिजते. ते आत सोडलेलं औषधी पाणी असतं, हे माहीत नसल्याने एकीच्या नवऱ्याने रात्री दोनला रिक्षा बोलावली होती. सूज पूर्ण उतरायला तीन ते सहा महिने जातात, म्हणून दुसरी महिनाभरातच ‘फसवलं’ म्हणत होती. ही शस्त्रक्रिया सोपी म्हणून विकली जाते. मे 2022 मध्ये बेंगळुरूत चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर चेतना राज ही 21 वर्षांची कन्नड अभिनेत्री गेली.

अजून एक. शस्त्रक्रियेआधी जावेला विचारलं, सिगारेट ओढता का? ती हसली, नाही म्हणाली. मशेरी लावता का, हे कुणी विचारलं नाही. आमच्याकडे किती बायका सकाळी मशेरी लावल्याशिवाय चहा पीत नाहीत! निकोटिनने कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि सुटी करून ओढलेल्या कातडीला रक्त आधीच कमी पोचत असतं. जखम काळी पडण्याचं ते एक मोठं कारण. निदान चार आठवडे आधी आणि नंतरही ती बंद हवी. प्रश्नच चुकीचा विचारला तर उत्तर बरोबर कुठून येणार?

तुम्ही म्हणाल, प्लास्टिक सर्जनने हंडा आणि मशेरीत कशाला शिरायचं? आमच्या नाक्यावरून अलिबागकडे वळून पुढे गेलं की मांडवा लागतं. डॉ. नोशिर अंतिया 1970 च्या दशकात तिथे आले. सर हॅरॉल्ड गिलिज यांच्याकडे शिकलेले, जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केलेले, कुष्ठरोग्यांचे वाकडे झालेले हात सरळ करणारे सर्जन. त्यांनी मांडव्याच्या आसपासच्या गावांतल्या, फारशा न शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं आणि त्या ते नीट करतात हे दाखवून दिलं. आज तशा बायका सरकारकडे तयार आहेत, आशाताई म्हणून. टाके बघायला त्यांना दहा मिनिटं पुरतात. पण पनवेलला काय कापलं, कशावर लक्ष ठेवायचं, हे त्यांना कळवतो कोण?

राज्यात नर्सिंग होमचा कायदा 1949 पासून आहे. त्याचे नियम 2021 मध्ये सुधारले, रुग्ण हक्कांची सनद भिंतीवर लावायला सांगितली. त्याच नियमांत एवढं घाला: प्रत्येक कॉस्मेटिक शस्त्रक्रियेआधी, पैसे घ्यायच्याही आधी, मराठीतून एक कागद. त्यात ही शस्त्रक्रिया आणि तिच्या जवळच्या बाकीच्या शेजारी-शेजारी मांडा. नळ्या किती दिवस, वाकून चालणं किती दिवस, हंडा कधी, चूल कधी, दुचाकी कधी, धोक्याचे दिवस कोणते. एका पायाची पोटरी सुजून दुखली किंवा अचानक धाप लागली तर ती रक्ताची गुठळी असू शकते, सकाळची वाट बघायची नाही, हे ठळक अक्षरांत. रात्री नर्स उचलेल असा एक नंबर, आणि एक प्रत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला, रुग्णाची हरकत नसेल तर. आणि डॉक्टरसाहेब, शस्त्रक्रियेनंतर बांधायचा घट्ट पट्टा एक नाही, दोन द्या. मे महिन्यात इथे एक धुवून वाळेपर्यंत दुसरा लागतोच.

तोवर आम्ही तिघांनी मिळून आमचाच एक कागद केलाय, वहीच्या पानावर, मराठीत. तो गल्ल्याच्या खणात असतो. आतापर्यंत चार बायका आणि एक मुलगा हळूच मागून घेऊन गेले. आम्ही डॉक्टर नाही, त्यात चुका असणार. त्याची प्रत या पत्रासोबत जोडली आहे. तुमच्यापैकी कुणीतरी ती तपासून, खाली सही करून परत पाठवावी.

आपली,
वडखळ नाक्यावरची एक खानावळवाली