कादंबरी स्वतः छापा, पण आधी हिशेबाची वही उघडा

कादंबरी लिहिणे ही साधना असेल, परंतु ती स्वतःच्या पैशाने छापून विकणे हा सरळ सरळ धंदा आहे. भांडवल, माल, खप आणि उधारी या चार गोष्टी कापडाच्या दुकानदाराला पाहाव्या लागतात. स्वतःचे पुस्तक काढणाऱ्या कादंबरीकाराचीही त्यातून सुटका नाही. आपल्याकडे मात्र लेखकाने पैशाची भाषा बोलणे कमीपणाचे समजले जाते. परिणामी भविष्य निर्वाह निधीतून काढलेली किंवा घरातले दागिने गहाण ठेवून उभी केलेली रक्कम छापखान्यात जाते, प्रकाशन समारंभात हारतुरे होतात आणि उरलेले गठ्ठे पलंगाखाली वाळवीच्या स्वाधीन होतात. याची झळ मुलाबाळांना लागते.

प्रतिभा मोठी असली म्हणजे व्यवहार आपोआप सांभाळला जातो, हा गैरसमज आहे. मुन्शी प्रेमचंद यांनी १९२३ साली बनारसला सरस्वती प्रेस काढला, १९३० साली ‘हंस’ मासिक सुरू केले. छापखाना आणि नियतकालिके तोट्यात राहिली. अखेर कर्जाच्या ओझ्यामुळे १९३४ साली या थोर लेखकाला मुंबईत येऊन चित्रपट कंपनीसाठी कथा लिहिण्याची नोकरी पत्करावी लागली.

याउलट उर्दूतील रहस्यकथाकार इब्ने सफी यांचे पाहा. १९५२ पासून ‘जासूसी दुनिया’ आणि १९५५ पासून ‘इमरान सीरीज’ अशी छोटी पुस्तके ते एकामागून एक देत राहिले आणि पुढे कराचीत त्यांनी ‘असरार पब्लिकेशन्स’ ही स्वतःची प्रकाशनसंस्था उभी केली. मराठीत हरी नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि आपल्या कादंबऱ्या त्यातून क्रमशः दिल्या. या दोघांच्या उदाहरणातून घेण्यासारखी गोष्ट एकच : पुस्तक बाजारात येण्यापूर्वी त्याचा वाचक तयार होता. नवा कादंबरीकार नेमके उलटे करतो. आधी छापतो आणि मग वाचक शोधायला निघतो.

आता आकड्यांकडे वळू. समजा, २०८ पानांची कादंबरी आहे, म्हणजे सोळा पानी तेरा फर्मे. ५०० प्रतींचा खर्च प्रत्येकी १०० रुपये, एकूण ५०,००० रुपये आला आणि किंमत २५० रुपये ठेवली. वितरक व दुकानदार यांचे कमिशन ४० टक्के धरले तर लेखकाच्या हाती प्रतीमागे १५० रुपये येतात. म्हणजे ३३४ प्रती विकल्या जाऊन त्यांचे पैसे वसूल झाल्याशिवाय घातलेले भांडवलही परत येत नाही. परीक्षणासाठी, मित्रांना, नातेवाइकांना भेट दिलेल्या प्रतींचा यात हिशेबच नाही.

दुसरा मार्ग पाहा. डिजिटल छपाईने फक्त २०० प्रती काढल्या. प्रत महाग पडेल, समजा १३० रुपये. एकूण खर्च २६,००० रुपये. वाचकाला थेट विकून पाठवणीचे ३० रुपये वजा केले तर हाती २२० रुपये येतात आणि ११९ प्रतींत भांडवल मोकळे होते. छापखान्याच्या दरात थोडाफार फरक पडेल, पण धडा बदलणार नाही. प्रत स्वस्त पडते म्हणून जास्त छापणे ही बचत नव्हे. न खपलेली प्रत कितीही स्वस्तात छापली तरी महागच पडते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. छपाईपूर्वी किमान शंभर वाचकांकडून सवलतीच्या दरात आगाऊ नोंदणी घ्यावी. शंभर नावे जमत नसतील तर एक-दोन प्रकरणे नियतकालिकांना, दिवाळी अंकांना द्यावीत, वाचकांसमोर वाचावीत आणि वर्षभर थांबावे. आगाऊ घेतलेले पैसे ही अमानत आहे. त्यातून घरखर्च भागवू नये आणि पुस्तक सांगितलेल्या तारखेला पोहोचवावे.

उधारीबाबत तर अधिकच काटेकोर राहिले पाहिजे. दुकानात ठेवलेल्या प्रत्येक प्रतीचे चलन घ्यावे, त्यावर प्रतींची संख्या, कमिशन आणि हिशेबाची तारीख लिहून घ्यावी. ओळखीच्या माणसाकडे कागद मागायला संकोच वाटतो, पण पुढे संबंध बिघडतात ते कागद नसल्यामुळेच.

‘पैसे तुमचे, नाव आमचे’ अशा पद्धतीने पुस्तके काढून देणाऱ्या संस्थाही पुष्कळ आहेत. त्यांच्याशी व्यवहार करण्यात गैर काही नाही. मात्र प्रती नेमक्या किती छापणार, त्या कोणाच्या ताब्यात राहणार, विक्रीचा हिशेब कधी मिळणार आणि हक्क कोणाचे, हे करारात असलेच पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिखाणाचा हक्क लिहिणाऱ्याचाच असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे ही वारसांची मिळकत आहे. ती एका सहीने देऊन टाकू नये.

कागदपत्रांची काही कामे अल्प खर्चाची आहेत. आयएसबीएन क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि लेखक स्वतःच्या नावानेही तो घेऊ शकतो. त्यासाठी कोणी मोठी रक्कम मागत असेल तर सावध व्हावे. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांच्या आत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली येथील ठरलेली ग्रंथालये यांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवावी लागते. छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही. तथापि छपाईच्या बिलातला कर परत मिळत नाही, तो खर्चातच धरावा. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिची चौकशी जरूर करावी. टपालाची जुनी रजिस्टर्ड बुक पोस्ट सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि मे २०२५ मध्ये ‘ज्ञान पोस्ट’ आली. आपले पुस्तक तिच्या नियमांत बसते का, हे किंमत ठरवण्यापूर्वीच टपाल कार्यालयात विचारून घ्यावे.

अक्षरजुळणी करणाऱ्याकडून पुस्तकाची अंतिम फाइल, तीही युनिकोडमध्ये, ताब्यात घ्यायला विसरू नये. ती हाती नसेल तर दुसऱ्या आवृत्तीला पुन्हा पहिल्यापासून खर्च येतो. किंडलसारख्या ठिकाणी मराठी ई-पुस्तक ठेवता येते. तिथे छपाईचा खर्च नाही. परंतु वाचक मिळवण्याची मेहनत तिथेही लेखकालाच करावी लागते. मुखपृष्ठ आणि मुद्रितशोधन यांत मात्र कंजुषी नको. पहिल्या पानावर चार चुका दिसल्या की ग्राहक पुस्तक खाली ठेवतो आणि पुढच्या वेळी लेखकाचे नाव पाहूनच पुढे जातो.

हिशेब ठेवल्याने लेखणी बाटते, असे म्हणणाऱ्यांनी प्रेमचंदांचे कर्ज आठवावे. पहिल्या कादंबरीत घर बुडाले तर दुसरी कादंबरी लिहिलीच जात नाही. आपल्या भागातल्या होतकरू लेखकांनी घरातली पुंजी सांभाळून, थोड्या प्रती काढून आणि रोखीने विकून उभे राहावे. पहिल्या दोनशे प्रतींच्या पैशातून पुढच्या दोनशे निघाल्या की आपला धंदा मार्गी लागला असे समजावे.