गहू सोडायचाय? सोडा, पण आधी रक्त तपासा

मंडळी, आज राजकारण नाही. आज पोटाचं बोलू.

माझी भाची कॉलेजला आहे. जेवलं की पोट फुगतं, सारखा थकवा येतो, म्हणून दिवाळीनंतर तिनं गहू बंद केला. सांगितलं कुणी? मोबाईलवरच्या रीलनं. "मामा, मला ग्लूटेन सोसत नाही." मीही शहाण्यासारखं म्हटलं, सोड की मग, सोलापुरात ज्वारीला काय तोटा? कडक भाकरी, शेंगाचटणी, झालं काम!

पोट काही हललं नाही. थकवाही गेला नाही. चार महिन्यांनी डॉक्टरकडे नेली, हिमोग्लोबिन नऊ. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "गहू कधीपासून बंद आहे?" आणि मग, "आता सिलिअ‍ॅकची तपासणी करून भरवसा नाही."

हे मला माहीत नव्हतं, तुम्हालाही नसेल. सिलिअ‍ॅक हा खरा आजार आहे. त्यात ग्लूटेनमुळे आपलीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याचं अस्तर खराब करते. लोह अंगी लागत नाही. रक्तात टीटीजी नावाच्या प्रतिपिंडांवरून तो पकडतात. पण गहू बंद केला की ती उतरतात आणि आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. म्हणून पोरगी आता सहा आठवडे रोज चपाती खाणार आणि मग तपासणी. चार महिने वाया. आणि "सोड की" म्हणणारा मीच.

बरं, पोट फुगायला दरवेळी ग्लूटेनच कारण असतं असंही नाही. गव्हात फ्रुक्टान असतं, तेच कांद्यात आणि लसणात. म्हणजे चपाती सोडून लसूण घातलेली शेंगाचटणी वाटीभर हाणली, तर फरक कसा पडणार?

२०१८-१९ ला आपल्याकडे दीक्षित की दिवेकर यावर घराघरात वाद झाले. एक म्हणायचे दिवसातून दोनदाच जेवा, दुसऱ्या म्हणायच्या दर दोन तासांनी खा. तो वाद किती वेळा खायचं याचा होता. आता लोक घरबसल्या आजाराचं नावच ठरवून टाकतात. वर शंभर पदार्थांची 'सेन्सिटिव्हिटी' सांगणाऱ्या आयजीजी तपासण्या विकल्या जातात. आयजीजी बहुतेक इतकंच सांगते की तो पदार्थ तुम्ही खाल्लेला आहे. अमेरिका, कॅनडा, युरोपच्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञ संघटनांनी ही तपासणी यासाठी वापरू नका असं स्पष्ट सांगितलंय.

यात खरा मार खातो तो सिलिअ‍ॅकचा पेशंट. त्याला गव्हाचा कणही चालत नाही. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आणली, पण गहू दळलेल्या गिरणीतच दळली, तर ते पीठ त्याच्यासाठी बाद. त्याला वेगळी घरघंटी लागते. तो लग्नात "गहू नको" म्हणतो तेव्हा आपण हसतो, "आलं नवीन फॅड!" कारण त्याच्या आधी दहा जणांनी तेच म्हणून नंतर जिलेबी खाल्लेली असते.

भाकरी खा, भरपूर खा, आपलीच आहे. पण त्रास होत असेल तर गहू चालू असतानाच डॉक्टरांना दाखवा. आणि पंगतीत कुणी नको म्हटलं तर आग्रह करू नका, ताटात भाकरी वाढा.