अकराचे चारशे होतात तेव्हा

मागच्या रविवारी जुन्या मेल्स डिलीट करत बसलो होतो. (बायकोच्या भाषेत 'माळा साफ करणं'.) त्यात आमच्या ट्रेकिंग ग्रुपचं फोल्डर सापडलं. २००४ साली ऑफिसातल्या अकरा टाळक्यांनी सुरू केलेला ग्रुप. एका पत्त्यावर मेल टाकली की सगळ्यांना पोचायची, बस्स. 'शनिवारी राजगड. पहिली एसटी. कोण कोण?' एवढीच मेल, आणि खाली सात-आठ 'मी', 'मी'. नियम नव्हते, कारण गरजच नव्हती. चार वर्षांनी त्याच ग्रुपात चारशे लोक होते आणि मॉडरेटर नावाचं गाढव म्हणजे अस्मादिक.

आता जरा गणित. अकरा माणसांत दोघादोघांच्या जोड्या होतात ५५. चारशे माणसांत ७९,८००. म्हणजे माणसं छत्तीसपट वाढली, पण जोड्या साधारण साडेचौदाशेपट! आणि भांडणाला जोडीच लागते. आम्ही मात्र अजून अकरा जणांच्याच थाटात चाललो होतो.

मग व्हायचं तेच झालं. ट्रेकला स्पीकर न्यावा की नाही यावर तीन दिवस रणकंदन. लिहिणारे जेमतेम पाच जण, वाचणारे (म्हणजे सोसणारे) चारशे. मी काय केलं? 'सर्वांना नम्र विनंती' अशी मेल टाकली. सर्वांना! ज्या दोघांना सांगायला हवं होतं त्यांना दोन ओळी लिहायचा धीर झाला नाही. एक ऑफिसात मला सीनियर, दुसरा जुना मित्र. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

ग्रुपात एक काका होते. रिटायर्ड, सह्याद्री पायाखाली घातलेला माणूस. महिन्यातून एखादीच मेल, पण तिच्यात वाट कुठे फुटते, पाण्याचं कोणतं टाकं कधी आटतं, सगळं. त्या रणकंदनानंतर काका गायब झाले आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही. पुढच्या मार्चमध्ये ग्रुपातली सहा नवीन पोरं एका गडावर गेली आणि पाण्याविना अडकली. एकाला सलाईन लावावं लागलं. ते टाकं फेब्रुवारीतच कोरडं पडतं हे काकांनी पूर्वी दोनदा लिहिलं होतं. पोरांनी निघण्याआधी ग्रुपात विचारलंही होतं, पण आता सांगणारं कोणी उरलं नव्हतं. नंतर काका एकदा शिवाजीनगर स्टेशनवर भेटले. म्हणाले, "अरे, दिवसाला साठ मेल्स, त्यात कामाची एक. कोण शोधत बसणार?"

भांडणारा माणूस मेल लिहून भांडतो. सोडून जाणारा मेल लिहून जात नाही. त्यामुळे मॉडरेटरला ओरडणारेच दिसतात आणि तो त्यांचीच मर्जी सांभाळत बसतो. माझी खरी चूक ती होती.

आता म्हणाल, हौशी ट्रेकर्सचं काय घेऊन बसलास! तर मोठ्या लोकांकडे बघू. लिनक्स कर्नल आजही मुख्यतः ईमेलवर चालतं. पॅच मेलने पाठवायचा, त्यावर मेलनेच खल. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने 'छंद म्हणून करतोय' असं सांगत जे सुरू केलं, त्याचा पसारा १९९८ पर्यंत इतका वाढला की लोकांनी पाठवलेले पॅच त्याच्याकडे पडून राहायला किंवा हरवायला लागले. एका माणसाचा इनबॉक्स किती पुरणार? यातून दोन गोष्टी पक्क्या होत गेल्या. एक, कामाची वाटणी : फाइल सिस्टिमचा वेगळा मेंटेनर, नेटवर्किंगचा वेगळा, त्यांच्या चर्चाही वेगळ्या, आणि लिनसकडे चाळून आलेलंच काम जाणार. दुसरी, चांगलं हत्यार : आधी २००२ मध्ये बिटकीपर, मग २००५ मध्ये लिनसने स्वतःच लिहिलेलं गिट.

पण वाटणी आणि हत्यारं असूनही स्वभाव उरतोच. लिनसच्या शिवराळ मेल्स प्रसिद्धच होत्या. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने त्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे सुट्टी घेतली. ४.१९ ही आवृत्ती त्या काळात ग्रेग क्रोआ-हार्टमनने सांभाळली. कर्नल कोसळलं नाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये पायथनच्या खीडो फान रोस्सुमने नेतेपद सोडलं, तेही मेल लिहूनच. निमित्त पीईपी ५७२, म्हणजे ':=' या चिन्हाचा प्रस्ताव. वाद जिंकला, पण त्यात माणूस पार दमला. जाताना त्याने वारसही नेमला नाही, तुमचं तुम्ही ठरवा म्हणाला. लोकांनी ठरवलं : निवडून आलेल्या पाच जणांचं मंडळ, आणि एका कंपनीचे दोनपेक्षा जास्त नकोत. २०१९ च्या पहिल्या मंडळात खीडो स्वतःही होता, पण पाचांतला एक म्हणून.

आणि गप्प कसं करायचं? इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने २००४ मध्ये यासाठी आरएफसी ३९३४ काढलं. त्रास देणाऱ्याशी आधी थेट बोला. ऐकलं नाही तर सगळ्यांसमोर ताकीद द्या. तरीही नाही, तर शेवटचा उपाय म्हणून जास्तीत जास्त ३० दिवस त्याचं लिहिणं बंद. बघा, 'सर्वांना नम्र विनंती' ही पायरी त्यात नाहीच!

याला सेन्सॉरशिप म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. पाच जणांना मोकळं सोडलं म्हणून तीनशे पंच्याण्णव गप्प बसले, तर तीही मुस्कटदाबीच, फक्त तिच्यावर कुणाची सही नसते. मात्र मॉडरेटरला मोकळं रान देऊ नये हे मान्य. म्हणून तर पायऱ्या आधी लिहून ठेवायच्या, ताकदीला मुदत घालायची, आणि काम एकट्याकडे ठेवायचं नाही. दोन-तीन जण असले की भीड वाटली जाते. मित्राला मी नाही सांगू शकत, दुसरा सांगेल.

आणि हे सगळं पन्नास जण असतानाच करायचं. चारशे झाल्यावर केलेला प्रत्येक नियम कुणाच्या तरी नावाचा वाटतो.

आमचा ग्रुप २०१० च्या सुमारास आपोआप थंडावला. ते फोल्डर मी डिलीट केलं, पण त्याआधी काकांच्या मेल्स तेवढ्या बाजूला काढल्या. एकवीस भरल्या. परवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पार्किंगवरून जुंपली, तेव्हा सेक्रेटरींनी हात जोडलेल्या चित्रासकट 'सर्वांना नम्र विनंती' टाकली. मी त्यांना लगेच फोन लावला. बघू, ऐकतात का!